सालाझारच्या राजवटीतले सजावटकार

पोर्तुगालमधले आधुनिक ग्राफिक डिझाइन वाढले ते सरकारी प्रदर्शनांच्या मांडवांत. १९३३ मध्ये सालाझारच्या राजवटीने प्रचारखाते उघडले आणि पुढच्या सोळा-सतरा वर्षांत या खात्याने लिस्बनमधल्या मोजक्या चित्रकारांकडून पॅरिस, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को आणि खुद्द लिस्बन येथील प्रदर्शनांची दालने सजवून घेतली. बर्नार्दो मार्केश, कार्लोस बोतेल्यो, फ्रेड क्राडोल्फर, तोमाझ दे मेलो ऊर्फ तोम, जोझे रोशा, एमेरिको नुनेश आणि पाउलो फेरेइरा ही त्यांतली मुख्य नावे. पर्यटनाची पत्रके, मासिकांची मुखपृष्ठे आणि व्यापारी जाहिराती हीही त्यांचीच कामे. राजवटीने त्यांना काम दिले, परदेशात नाव मिळवून दिले. काय सांगायचे हे मात्र आपल्या हाती ठेवले. रूप आधुनिक आणि आशय जुना, अशी जी वाटणी त्यातून झाली तिचा परिणाम पोर्तुगीज डिझाइनवर पुढे बराच काळ राहिला.

चियादोमधली सुरुवात

१९३० च्या सुमारास लिस्बनची वस्ती सुमारे सहा लाख होती. देशातले निम्म्याहून अधिक लोक निरक्षर होते. चित्रे विकत घेणारा वर्ग लहान आणि त्याची आवड एकोणिसाव्या शतकातल्या निसर्गचित्रांवर थांबलेली. नव्या वळणाच्या चित्रकाराला पोट भरायचे तर छापखान्याशी नाते जोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. 'आबेसे', 'इलुस्त्रासांव', 'मॅगझिन बेर्ट्रांड' ही सचित्र नियतकालिके आणि 'सेंप्रे फिश'सारखी विनोदी साप्ताहिके त्यांना काम देत. लिस्बनच्या चियादो भागातली कॉफीगृहे हा त्यांचा अड्डा. त्यांतल्या 'ब्राझिलेइरा' या कॉफीगृहाच्या भिंतींवर १९२५ मध्ये तरुण चित्रकारांची चित्रे लागली, तेव्हा नव्या चित्रकलेला शहरात पहिली कायमची जागा मिळाली. ती संग्रहालयात नसून उपाहारगृहात होती, यावरून त्या काळची स्थिती कळते.

बर्नार्दो मार्केश यांचा जन्म १८९८ मध्ये दक्षिणेकडच्या सिल्वेश गावी झाला. लिस्बन विद्यापीठात साहित्याचा अभ्यास करायला ते आले, तो अर्धवट सोडून रेखाटनाकडे वळले. १९२९ मध्ये ते बर्लिनला गेले. जॉर्ज ग्रोस यांच्या बोचऱ्या रेषेचा त्यांच्यावर ठसा उमटला आणि लिस्बनच्या मध्यमवर्गावर त्यांनी काढलेल्या चित्रांत ती धार दिसू लागली. पुढे सरकारी कामात शिरल्यावर ही धार बोथट झाली, पण पानावर रेषा, अक्षर आणि मोकळी जागा यांचा तोल साधण्याची त्यांची हातोटी वाढतच गेली.

कार्लोस बोतेल्यो हे १८९९ मध्ये लिस्बनमध्ये जन्मले. आईवडील दोघेही संगीतक्षेत्रातले. ललितकला विद्यालयात ते फार काळ टिकले नाहीत. १९२० च्या दशकात 'आबेसेझिन्यु' या मुलांच्या साप्ताहिकासाठी ते चित्रकथा काढत. १९२८ पासून 'सेंप्रे फिश'मध्ये त्यांनी 'आठवड्याचे पडसाद' अशा अर्थाचे सदर सुरू केले आणि १९५० पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, एकहाती चालवले. सेन्सॉरच्या डोळ्यांखाली दर आठवड्याला पानभर विनोद करायचा, या सवयीने त्यांना थोडक्या जागेत पुष्कळ सांगायला शिकवले. प्रदर्शनांच्या भिंती रंगवताना तेच कामी आले.

फ्रेड क्राडोल्फर हा स्वित्झर्लंडचा. १९०३ मध्ये झुरिकमध्ये जन्मलेला हा तरुण १९२० च्या दशकात लिस्बनला आला आणि १९६८ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. स्विस पोस्टरची शिस्त तो बरोबर घेऊन आला होता: सपाट रंग, एकच ठळक आकृती, मोजकी आणि मापात बसवलेली अक्षरे. तोवर पोर्तुगीज पोस्टर म्हणजे मोठे केलेले पुस्तकातले चित्र असे. दुरून, चालता-चालता, क्षणात वाचले जावे यासाठी पोस्टर बांधावे लागते, हे लिस्बनच्या मंडळींनी क्राडोल्फरच्या टेबलाशेजारी बसून आत्मसात केले. एमेरिको नुनेश वयाने सर्वांत वडील; ते १८८८ चे. त्यांनी म्युनिकमधल्या विनोदी साप्ताहिकासाठी वर्षानुवर्षे चित्रे काढली होती. तोम १९०६ मध्ये रिओ दी जानेरोत जन्मले आणि विशीत लिस्बनला आले. या गटात जर्मन, स्विस आणि ब्राझीलचे वारे असे एकत्र आले होते.

१९३६ मध्ये जोझे रोशा यांनी जाहिरातींसाठी एक स्टुडिओ काढला. त्याचे संक्षिप्त नाव 'ईटीपी'. प्रदर्शनांची कामे नसत तेव्हा यांतले बहुतेक जण तिथे काम करत. बर्नार्दो यांची पत्नी ओफेलिया मार्केश आणि तरुण मारिया कैल याही तिथल्याच. चित्रकार, मजकूर लिहिणारा आणि छापखाना यांनी एका छताखाली ठरवून काम करण्याची पद्धत देशात रुजवणाऱ्या पहिल्या जागांपैकी ही एक होती.

फेरो आणि प्रचारखाते

१९२६ च्या लष्करी उठावाने पोर्तुगालमधले प्रजासत्ताक संपवले. १९२८ मध्ये कोइंब्रा विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक अंतोनियो सालाझार अर्थमंत्री झाले, १९३२ मध्ये पंतप्रधान. १९३३ च्या घटनेने 'एस्तादो नोव्हो', म्हणजे नवे राज्य, या नावाने हुकूमशाही कायम केली. पक्षांवर बंदी आली, वृत्तपत्रांवर आधीपासूनच सेन्सॉर होता.

सालाझार स्वभावाने एकांतप्रिय. गर्दीसमोर भाषणे ठोकणे त्यांना मानवत नसे. त्यांना लोकांपुढे उभे करण्याचे काम अंतोनियो फेरो या पत्रकाराने अंगावर घेतले. १८९५ मध्ये जन्मलेले फेरो विशीही गाठली नसताना 'ओर्फेउ' या १९१५ च्या नियतकालिकाचे नामधारी संपादक होते. फेर्नांदो पेसोआ आणि मारियो दे सा-कार्नेइरो हे त्यामागचे खरे सूत्रधार. नव्या कलेशी फेरोंचे जुने नाते होते आणि मुसोलिनीच्या इटलीचे आकर्षणही. १९३२ च्या डिसेंबरात 'दियारियो दे नोतिसियश' या दैनिकात त्यांनी सालाझारच्या मुलाखतींची मालिका छापली. पुढच्या वर्षी सप्टेंबरात राष्ट्रीय प्रचार सचिवालय स्थापन झाले आणि फेरो त्याचे प्रमुख झाले.

फेरोंचा विचार सोपा होता. राजवट जुन्या मूल्यांची, शेतकऱ्याच्या घराची आणि चर्चची. पण तिचे दर्शन जगाला घडवायचे तर ते आजच्या नजरेला भावेल अशा रूपातच घडले पाहिजे. म्हणून त्यांनी शासकीय चित्रकारांना बाजूला ठेवून चियादोतल्या मंडळींना बोलावले. १९३५ पासून सचिवालयाची आधुनिक कलेची वार्षिक प्रदर्शने भरू लागली, बक्षिसे दिली जाऊ लागली. ज्या चित्रकारांना दुसरा ग्राहक नव्हता त्यांनी हे आमंत्रण स्वीकारले. त्यांतले काही राजवटीचे समर्थक होते, काही उदासीन, काही मनातून विरोधक. बहुतेकांना महिन्याचा खर्च भागवायचा होता.

अर्थात राजवटीची सगळीच चित्रे आधुनिक नव्हती. सालाझारच्या मंत्रिपदाला दहा वर्षे झाली तेव्हा, १९३८ मध्ये, सचिवालयाने शाळांसाठी 'सालाझारचा धडा' ही सात भित्तिपत्रके काढली. जायमे मार्तिन्श बराता यांच्या चित्राचे त्यांतले एक फार गाजले: शेतावरून घरी येणारा बाप, चुलीपाशी आई, धावत येणारी मुले, भिंतीवर क्रूस आणि खिडकीतून दिसणारा किल्ला. देव, देश, कुटुंब हा संदेश तपशीलवार, जुन्या पाठ्यपुस्तकी शैलीत रंगवला होता. देशातल्या मुलांसाठी ही शैली आणि परदेशातल्या पाहुण्यांसाठी क्राडोल्फरची शैली, असा सरळ हिशेब त्यामागे दिसतो.

नकाशा आणि कमान

प्रदर्शनांच्या कामाला सुरुवात फेरोंच्या आधीच झाली होती. १९३१ मध्ये पॅरिसजवळ व्हँसेन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वसाहत प्रदर्शनात पोर्तुगालची दालने होती आणि बोतेल्यो, मार्केश, क्राडोल्फर यांनी त्यांच्या सजावटीत भाग घेतला. एका ठरावीक तारखेला संपणारे काम, मोठ्या भिंती, सुतार आणि रंगारी यांच्याबरोबर काम करण्याची गरज, हे सारे त्यांना इथे प्रथम अनुभवायला मिळाले.

१९३४ च्या उन्हाळ्यात पोर्तो शहरात देशातले पहिले मोठे वसाहत प्रदर्शन भरले. त्याचे संचालक लष्करी अधिकारी एन्रिके गाल्वाव. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा 'पोर्तुगाल हा लहान देश नाही' हा नकाशा याच प्रदर्शनातला. युरोपच्या नकाशावर अंगोला आणि मोझांबिक यांचे आकार त्याच प्रमाणात ठेवले होते. स्पेनपासून पूर्व युरोपापर्यंतचा भूभाग त्यांखाली झाकला जाई. सुमारे ९२,००० चौरस किलोमीटरचा देश एका चित्राने खंडाएवढा झाला. आकडे खोटे नव्हते, मांडणी मात्र राजकीय होती. पुढची कित्येक वर्षे हा नकाशा शाळांत आणि कचेऱ्यांत टांगला गेला.

सुमारे ३,७०० चौरस किलोमीटरचा गोवा अशा तुलनेत नजरेत भरणारा नव्हता. त्याचे मोल राजवटीच्या लेखी इतिहासात होते. पोर्तोच्या प्रदर्शनात जुन्या गोव्यातल्या व्हाइसरॉयच्या कमानीची प्रतिकृती उभारली गेली. मांडवीच्या काठची मूळ कमान सोळाव्या शतकाच्या शेवटी वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा याने उभारलेली. लिस्बनहून आलेला नवा व्हाइसरॉय त्या कमानीतून शहरात प्रवेश करी. पोर्तोतल्या प्रेक्षकांसाठी ती साम्राज्याच्या वैभवकाळाची खूण ठरली. त्याच आवारात आफ्रिका आणि आशियातल्या वसाहतींतून आणलेल्या माणसांना कृत्रिम खेड्यांत राहायला लावून लोकांना दाखवले जात होते. युरोपातल्या इतर वसाहत प्रदर्शनांतही हा प्रकार चाले. माणसे, इमारती आणि माल यांना एकाच पातळीवर मांडणारी ही रचना सजावटीच्या कौशल्याने सुसह्य आणि आकर्षक केली जात होती, हे विसरता येत नाही.

पॅरिस १९३७, न्यूयॉर्क १९३९

१९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात आल्बेर्ट श्पेयरचे जर्मन दालन आणि बोरिस इओफानचे सोव्हिएत दालन समोरासमोर उभे होते. स्पेनच्या दालनात पिकासोचे 'गेर्निका' होते. पोर्तुगालचे दालन सीन नदीच्या काठावर होते. त्याची रचना फ्रान्सिस्को कैल दो आमाराल या तरुण वास्तुविशारदाने स्पर्धेत जिंकली होती. त्याचा जन्म १९१० चा. साध्या, सरळ भिंतींची ही इमारत आकाराने बेताची होती. आत फ्रान्सिस्को फ्रांको यांनी घडवलेला सालाझारचा पुतळा होता, विद्यापीठाच्या प्राध्यापकी झग्यातला. गणवेशातल्या हुकूमशहांच्या युरोपात हा वेश मुद्दाम निवडलेला होता.

सजावटकारांच्या चमूने इथे आपली पद्धत पक्की केली. प्रेक्षक कुठून येणार, कुठे वळणार, कुठे थांबणार हे आधी ठरवायचे. प्रत्येक दालनाला एकच विषय द्यायचा: राज्याची कामे, वसाहती, लोककला, पर्यटन. आकडे थोडे आणि मोठ्या अक्षरांत. छायाचित्रे भिंतभर मोठी करून, कापून, एकमेकांना जोडून लावायची. त्यांच्या शेजारी रंगवलेला नकाशा, मातीची भांडी, विणलेली घोंगडी, वेशभूषेतल्या बाहुल्या. छायाचित्रांच्या जोडकामाचे तंत्र जर्मनी, रशिया आणि इटलीतल्या प्रदर्शनांतून आलेले होते. 'पोर्तुगाल १९३४' या सचिवालयाच्या छायाचित्र-संग्रहात ते आधी कागदावर आजमावून पाहिले गेले होते. पोर्तुगीज चमूने त्यात लोककलेचे रंग आणि थोडा खेळकरपणा मिसळला. रशियन किंवा इटालियन दालनांतल्या दडपणापेक्षा वेगळा, हलका सूर त्यातून निघाला आणि हाच सूर देशाची ओळख म्हणून फेरोंनी पुढे नेला.

लोककलेचा हा धागा १९३५ मध्ये जिनिव्हात भरवलेल्या प्रदर्शनापासून सुरू झाला होता. बार्सेलोसच्या कुंभारांचा रंगीत मातीचा कोंबडा याच मोहिमांतून राष्ट्रीय चिन्ह बनला. १९३८ मध्ये 'पोर्तुगालमधले सर्वांत पोर्तुगीज खेडे' अशी स्पर्धा झाली. मोन्सांतो या डोंगरी गावाला चांदीचा कोंबडा मिळाला. खेड्यातले दारिद्र्य या चित्रात येत नव्हते. गवंड्याची भिंत, बाईचा रुमाल आणि सणाचा दिवस एवढेच निवडून घेतले जाई.

१९३९ मध्ये न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन्ही प्रदर्शनांत पोर्तुगालची दालने उभी राहिली. वास्तुविशारद जोर्जे सेगुरादो, सजावट याच चमूची. अमेरिकेतल्या जाहिराती, दुकानांच्या दर्शनी काचा आणि रात्रीची रोषणाई त्यांनी जवळून पाहिली. सॅन फ्रान्सिस्कोच्या चित्रप्रदर्शनात बोतेल्यो यांना पहिले पारितोषिक मिळाले. पॅरिसमध्ये त्यांनी व्हॅन गॉगचे मोठे प्रदर्शन पाहिले होते आणि तेव्हापासून त्यांचे मन चित्रकलेकडे अधिक ओढ घेत होते. लिस्बनच्या टेकड्यांवरची दाटीवाटीची घरे हा त्यांचा आयुष्यभराचा विषय झाला. सजावटीच्या कामातून मिळणारे पैसे हा त्यांच्या दृष्टीने चित्रे काढायला वेळ मिळवण्याचा मार्ग होता.

बेलें, १९४०

१९४० मध्ये दोन शताब्द्या एकत्र साजऱ्या करायचे ठरले: ११४० मधली राज्याची स्थापना आणि १६४० मध्ये स्पेनकडून परत मिळवलेले स्वातंत्र्य. त्यासाठी लिस्बनच्या बेलें भागात, जेरोनिमोस मठासमोर, तेजो नदीच्या काठी 'पोर्तुगीज जगाचे प्रदर्शन' भरले. सुमारे ५६ हेक्टर जागा त्यासाठी मोकळी केली, जुन्या वस्तीचा एक भाग पाडला. बांधकाममंत्री दुआर्ते पाशेको यांचा या कामामागे रेटा होता. मुख्य वास्तुविशारद कोतिनेली तेल्मो हे हरहुन्नरी गृहस्थ होते; १९३३ मध्ये त्यांनी 'आ कांसांव दे लिज्बोआ' हा बोलपट दिग्दर्शित केला होता.

२३ जूनला प्रदर्शन उघडले. त्याआधी नऊ दिवस पॅरिस जर्मनांच्या हाती पडले होते. लिस्बनमध्ये निर्वासितांची रांग लागली होती. अमेरिकेच्या जहाजाचे तिकीट आणि व्हिसा मिळेपर्यंत ते हॉटेलांत दिवस काढत. प्रदर्शनाला आमंत्रित परदेश एकच, ब्राझील. फ्रेंच लेखक सेंत-एक्झुपेरी त्या वर्षाअखेर अमेरिकेला जाताना लिस्बनमध्ये थांबला होता. युद्धाच्या काठावर झगमगणाऱ्या या शहराच्या आनंदात त्याला उदासी दिसली आणि १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लेत्र आ अँ ओताज' या छोट्या पुस्तकात त्याने त्याबद्दल लिहिले.

प्रदर्शनातल्या बहुतेक इमारती लाकूड, लोखंडी सांगाडे आणि काथ्यासारखे धागे घातलेले प्लॅस्टर यांच्या होत्या. दुरून त्या दगडी भासत. दर्शनी भागांवर प्रचंड पुतळे, ढाली, क्रूस आणि अक्षरे कोरल्यासारखी बसवलेली. नदीकाठी कोतिनेली तेल्मो आणि शिल्पकार लियोपोल्दो दे आल्मेइदा यांनी शोधयात्रांचे स्मारक उभारले: जहाजाच्या नाळेवर राजपुत्र हेन्री आणि त्याच्या मागे दर्यावर्दी, सेनापती, धर्मप्रसारक. 'पोर्तुगाल' नावाचे जुन्या धर्तीचे एक जहाजही बांधले होते. जुलैत पाण्यात सोडताच ते कलंडले आणि नंतर सरळ करून आणावे लागले.

फेरोंच्या सचिवालयाकडे लोकजीवनाचा विभाग होता. जुना चमू आणि काही नवे चित्रकार इथे कामाला लागले. वेगवेगळ्या प्रांतांची घरे उभारली होती आणि त्यांत कारागीर काम करताना दिसत; आतल्या भिंतींवर शेती, मासेमारी, जत्रा यांची भित्तिचित्रे. वसाहतींचा विभाग मठामागच्या वनस्पती उद्यानात गाल्वाव यांच्या देखरेखीखाली होता आणि वसाहतींतली माणसे तिथेही प्रदर्शनातली वस्तू झाली. सुमारे तीस लाख लोकांनी हे प्रदर्शन पाहिल्याचे सांगितले जाते. २ डिसेंबरला ते बंद झाले. १५ फेब्रुवारी १९४१ च्या चक्रीवादळाने उरल्यासुरल्या इमारतींची मोठी पडझड केली आणि बाकीच्या उतरवल्या गेल्या. समोरचा चौक आणि मोजक्या वास्तू तेवढ्या राहिल्या. कित्येक चित्रकारांची आयुष्यातली सर्वांत मोठी कामे अशी वर्षभरात नाहीशी झाली. आज ती छायाचित्रांतूनच पाहता येतात.

कागदावरचे काम

युद्धामुळे परदेशी प्रदर्शने थांबली आणि चमूचे लक्ष छपाईकडे गेले. जून १९४१ मध्ये सचिवालयाने 'पॅनोरामा' हे कला आणि पर्यटनाचे नियतकालिक सुरू केले. १९४९ पर्यंतच्या पहिल्या मालिकेची कलाबाजू बर्नार्दो मार्केश यांनी सांभाळली. रुंद समास, जुन्या लाकडी ठशांची आठवण करून देणारे छोटे अलंकार, मजकुराच्या मध्ये सोडलेली रेखाटने यांमुळे त्याचे पान शांत आणि सुटसुटीत वाटे. सेन्सॉरमुळे लेखांत वाद नव्हते. वाचकाला आवडावी अशी गोष्ट म्हणजे त्याचे दिसणे, आणि त्या बाबतीत देशातल्या छापखान्यांपुढे त्याने नवे माप ठेवले.

याच काळात फेरोंनी सुरुचीची मोहीम चालवली. दुकानांच्या दर्शनी काचांच्या सजावटीच्या स्पर्धा झाल्या, फुलांनी सजवलेल्या रेल्वे स्थानकांना बक्षिसे दिली. १९४२ मध्ये एल्व्हाश येथे पहिले सरकारी प्रवासी निवास, म्हणजे 'पोजादा', उघडले. पडद्याच्या कापडापासून भांड्यांपर्यंतच्या बाबी त्यात विचारपूर्वक निवडल्या होत्या. प्रदर्शनासाठी शिकलेली कला अशी हॉटेलच्या खोलीत आणि दुकानाच्या काचेत पोचली.

१९४८ च्या जुलैत बेलेंमध्ये लोककला संग्रहालय सुरू झाले. १९४० च्या लोकजीवन विभागाच्या इमारतीचेच हे रूपांतर; वास्तुविशारद जोर्जे सेगुरादो. बोतेल्यो, तोम, पाउलो फेरेइरा, एदुआर्दो आनाहोरी, एस्त्रेला फारिया आणि मानुएल लापा यांनी त्याच्या भिंती रंगवल्या. चमूच्या प्रदर्शनकलेचा टिकून राहिलेला सर्वांत मोठा नमुना तो हाच. पण तो उघडला तेव्हा त्याचा काळ सरत आला होता. १९४४ मध्ये खात्याचे नाव बदलून माहिती सचिवालय झाले. महायुद्धाच्या अखेरीस 'प्रचार' हे नाव मिरवण्याजोगे उरले नव्हते. फेरो लवकरच वकिलातीत गेले, बर्नला आणि मग रोमला, आणि १९५६ मध्ये वारले.

वाटा वेगळ्या होतात

१९४६ पासून विरोधी मतांच्या कलावंतांनी लिस्बनमध्ये स्वतःची सर्वसाधारण कलाप्रदर्शने भरवायला सुरुवात केली. १९४७ च्या प्रदर्शनातली काही चित्रे राजकीय पोलिसांनी उचलून नेली. कैल दो आमाराल आता उघडपणे राजवटीच्या विरोधात होते. कामे पूर्ण बंद झाली नाहीत, तरी खात्याच्या चमूत सगळ्यांनी एकत्र येण्याचा काळ संपला.

मारिया कैल यांचे उदाहरण या बदलाचे आहे. १९३७ च्या पॅरिस दालनात आणि जोझे रोशांच्या स्टुडिओत सुरुवात केलेल्या या चित्रकर्तीने पुढे आझुलेजो, म्हणजे चकचकीत रंगीत फरश्या, हे आपले माध्यम केले. २९ डिसेंबर १९५९ रोजी लिस्बनची मेट्रो सुरू झाली. तिच्या स्थानकांची रचना कैल दो आमाराल यांची. पहिल्या अकरा स्थानकांपैकी एक वगळता बाकीच्यांतल्या भिंती मारिया कैल यांच्या भौमितिक फरश्यांनी मढल्या. तात्पुरत्या मांडवात शिकलेले कौशल्य रोजच्या प्रवाशांच्या कायमच्या भिंतीवर आले आणि त्यात राजवटीचा एकही संदेश नव्हता.

नवे ग्राहकही तयार होत होते. पुस्तक प्रकाशकांना स्वस्त, आकर्षक मुखपृष्ठे हवी होती. १९५६ मध्ये लिस्बनमध्ये गुलबेंकियान फाउंडेशन सुरू झाले. तेलव्यवहारात श्रीमंत झालेल्या कालूस्त गुलबेंकियान यांच्या मृत्युपत्रातून उभी राहिलेली ही संस्था लवकरच सरकारपेक्षाही मोठी कलाश्रयदाती ठरली. तिच्या 'कोलोकियो' या नियतकालिकाची कलाबाजू १९५९ पासून बर्नार्दो मार्केश यांनी पाहिली, १९६२ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत.

पुढच्या पिढीचे प्रमुख नाव सेबास्तियांव रॉड्रिग्ज. १९२९ मध्ये जन्मलेले रॉड्रिग्ज लहान वयातच जाहिरातीच्या कामात शिरले आणि माहिती सचिवालयासाठीही त्यांनी प्रदर्शने आणि पत्रके केली. ऑक्टोबर १९५९ ते मे १९६१ या काळात निघालेल्या 'अल्मानाक' मासिकाचे १८ अंक त्यांनी मांडले. संपादकीय सूत्रे कादंबरीकार जोझे कार्दोझो पिरेश यांच्याकडे होती आणि सेन्सॉरच्या कात्रीतून निसटणारी उपरोधिक भाषा हे मासिकाचे वैशिष्ट्य. गुलबेंकियानच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी देशभर फिरून लोककलेतले आकार गोळा केले. फेरोंच्या चमूने याच खाणीतून माल काढला होता. फरक असा की रॉड्रिग्जनी कोंबडा आणि नक्षी यांतला भौमितिक सांगाडा घेतला आणि त्यावर चढवलेला राष्ट्रवाद बाजूला ठेवला. व्हिक्टर पाला हे याच काळातले दुसरे महत्त्वाचे नाव. वास्तुविशारद, मुखपृष्ठकार आणि छायाचित्रकार असलेल्या पाला यांनी कोश्ता मार्तिन्श यांच्याबरोबर केलेले लिस्बनवरचे छायाचित्रांचे पुस्तक १९५९ मध्ये भागाभागांनी निघू लागले. त्यातले शहर सरकारी पत्रकांतल्या शहराहून फार वेगळे होते.

स्मारक आणि साम्राज्य

१९६० मध्ये राजपुत्र हेन्रीच्या मृत्यूला ५०० वर्षे झाली. त्या निमित्ताने बेलेंच्या काठावरचे प्लॅस्टरचे स्मारक सिमेंट काँक्रीट आणि दगडात पुन्हा उभारले गेले. कोतिनेली तेल्मो १९४८ मध्येच वारले होते. स्मारकावर हेन्रीसह ३३ आकृत्या आहेत. त्यांत गोवा जिंकणारा आफोन्सो द आल्बुकेर्क आहे आणि ज्याचे शव जुन्या गोव्यात बॉम जेझुस चर्चमध्ये आहे तो संत फ्रान्सिस झेवियरही. साम्राज्याची ही प्रतिमा पक्क्या दगडात आली तेव्हा साम्राज्याला तडे जात होते.

जानेवारी १९६१ मध्ये 'सान्ता मारिया' हे पोर्तुगीज प्रवासी जहाज कॅरिबियन समुद्रात ताब्यात घेण्यात आले. पकडणाऱ्यांचा म्होरक्या एन्रिके गाल्वाव होता, १९३४ च्या नकाशाचा आणि वसाहत प्रदर्शनांचा कर्ता. आफ्रिकेतल्या सक्तीच्या मजुरीबद्दल अहवाल दिल्यापासून त्याचे राजवटीशी बिनसले होते, तुरुंगवास झाला होता आणि तो निसटून परदेशी गेला होता. त्याच वर्षी अंगोलात बंड पेटले. १८ आणि १९ डिसेंबरला भारतीय सैन्याने गोवा, दमण आणि दीव मुक्त केले. प्रदर्शनांच्या भिंतींवर तीस वर्षे रंगवलेल्या नकाशातला एक कोपरा दोन दिवसांत गळाला. आफ्रिकेतले युद्ध मात्र १९७४ पर्यंत चालले.

व्यवसायाची ओळख

१९६० च्या दशकात चमूतले जुने लोक मागे पडले. क्राडोल्फर १९६८ मध्ये, बोतेल्यो १९८२ मध्ये आणि तोम १९९० मध्ये वारले. बोतेल्यो यांना लोक चित्रकार म्हणूनच ओळखू लागले होते. नव्या पिढीतले दासियानो द कोश्ता यांनी अंतर्गत सजावट आणि फर्निचर यांना आराखड्याची शिस्त दिली. १९६९ मध्ये उघडलेल्या गुलबेंकियानच्या मुख्यालयातल्या अंतर्भागात त्यांचे काम आहे. १९७१ मध्ये लिस्बनमध्ये पोर्तुगीज डिझाइनचे पहिले प्रदर्शन झाले, १९७३ मध्ये दुसरे. एप्रिल १९७४ च्या क्रांतीने राजवट संपल्यावर ललितकला विद्यालयांत डिझाइनचे स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाले आणि १९७६ मध्ये डिझाइनरांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ज्या कामाला चाळीस वर्षे सजावट समजले जात होते त्याला शिक्षण, संस्था आणि नाव मिळाले.

फेरोंच्या चमूचे मूल्यमापन त्यानंतरही सोपे झालेले नाही. त्यांनी वापरलेल्या पद्धती, म्हणजे प्रेक्षकाची वाट आखणे, छायाचित्राला भिंतीचा आकार देणे, थोड्या अक्षरांत पुष्कळ सांगणे, पुढच्या पिढीने जशाच्या तशा घेतल्या. लोककलेतून उभी केलेली देशाची ओळख आजही पर्यटनाच्या दुकानांत खपते. पण या कलेने वसाहतींतल्या माणसांना मांडणीतली वस्तू बनवले आणि खेड्यातले दारिद्र्य रंगीत घोंगड्याखाली झाकले, हेही त्यांच्याच कामाचा भाग आहे. राज्याशिवाय दुसरा ग्राहक नसलेल्या देशात व्यवसाय उभा राहतो तेव्हा कौशल्याचे श्रेय आणि संदेशाची जबाबदारी वेगवेगळी करता येत नाही. पोर्तुगालमध्ये ती वेगळी होऊ लागली ती प्रकाशक, मेट्रो आणि फाउंडेशन यांच्या रूपाने दुसरे ग्राहक मिळाल्यावरच.